पेठेतील पदपथासाठी निधी मागताना

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठी काही रक्कम राखून ठेवण्याची पद्धत २००६ साली सुरू झाली. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ मध्ये केलेल्या प्रयोगाचे हे आपल्याकडचे रूप आहे. पदपथ, दिवे, बाक, बसथांबे अशी लहान कामे रहिवाशांनी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करून सुचवायची, एका कामाचा खर्च पाच लाख रुपयांच्या आत ठेवायचा आणि मंजूर झालेली कामे पुढच्या आर्थिक वर्षात धरली जायची, अशी त्याची साधारण रचना. माझे सारे आयुष्य मध्यवस्तीतल्या पेठेत गेले. सहकारी बँकेच्या हिशेब विभागातून निवृत्त झाल्यावर हा अर्ज भरण्याच्या निमित्ताने मी पदपथ, सायकली आणि त्यांवरचा खर्च यांविषयीच्या वादात शिरले, आणि अजून त्यातून बाहेर पडलेले नाही.

सुरुवात झाली ती ११ डिसेंबर २०२१ रोजी. महापालिकेने तो दिवस पादचारी दिन म्हणून पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांसाठी बंद ठेवला. वाहनांविना लक्ष्मी रस्ता आम्ही पेठेतले लोक दरवर्षी पाहतोच, पण तो विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीत. डिसेंबरमधल्या एका साध्या शनिवारी दुकाने उघडी आहेत, खरेदी चालू आहे आणि रस्त्यावर मोटारी नाहीत, हे मात्र नवे होते. माझ्या वयाच्या कितीतरी बायका त्या दिवशी मागून येणाऱ्या दुचाकीकडे कान न लावता एकमेकींशी बोलत चालत होत्या. पूर्वी लहान मुलाचा हात जसा घट्ट धरून ठेवावा लागे तसा तो धरावा लागत नव्हता. संध्याकाळी शेजाऱ्यांमध्ये चर्चा निघाली की एक दिवसाचे ठीक आहे, परंतु यातले थोडे तरी कायमचे व्हायचे असेल तर त्यासाठी पैसे कोण मागणार आणि कोणाकडे मागणार.

चौकशीअंती समजले की मागणीचे दोन भाग करावे लागतील. बारा मीटरपर्यंत रुंदीच्या रस्त्यांची कामे क्षेत्रीय कार्यालयाकडे असतात आणि मोठे रस्ते पथ विभागाकडे. म्हणजे मुख्य रस्त्याकडे जाणाऱ्या आमच्या गल्ल्यांसाठी नागरिक सहभागाचा अर्ज करता येत होता. लक्ष्मी रस्त्यावरचे रुंद पदपथ, सायकलस्वारांची सोय आणि वाहनांवरची वेळेची मर्यादा यांसाठी वेगळे निवेदन द्यावे लागणार होते. शिवाय एखादा रस्ता वाहनांसाठी बंद ठेवणे किंवा तेथे पार्किंगला मनाई करणे ही केवळ महापालिकेच्या हातातली गोष्ट नाही. मोटार वाहन कायद्याखालची अधिसूचना आणि वाहतूक पोलिसांचा अभिप्राय त्यासाठी लागतो. पदपथ बांधण्याचे पैसे एकाकडे आणि पदपथाला जागा मोकळी करून देण्याचा अधिकार दुसऱ्याकडे, ही विभागणी प्रथमच ध्यानात आली आणि पुढच्या सगळ्या वादाचे मूळ तेथेच आहे असे माझे मत झाले.

अर्जासाठी आम्ही दोन गल्ल्या निवडल्या. पाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्यांनी मोजपट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच मोजा, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज कसा बनतो ते कळेल." हा अनुभव फार मोलाचा ठरला. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागात चालणाऱ्यासाठी किमान १.८ मीटर आणि बाजारपेठेत २.५ मीटर रुंदी पूर्णपणे मोकळी असावी लागते, आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरच्या वर जाऊ नये असे त्यात म्हटले आहे. आमच्या गल्लीतला पदपथ कागदावर पुरेसा रुंद होता. प्रत्यक्षात एका बाजूने दुकानांच्या पायऱ्या पुढे आलेल्या, दुसऱ्या बाजूला विजेची डीपी, मध्ये झाड, झाडाभोवती उंच कट्टा आणि उरलेल्या जागेत तिरक्या लावलेल्या दुचाकी, असे सारे वजा केल्यावर एका माणसाला अंग चोरून जाता येईल इतकीच वाट उरत होती. रस्त्यावर वारंवार डांबराचे थर चढल्यामुळे काही ठिकाणी पदपथ रस्त्याच्या पातळीला आला होता, तर काही ठिकाणी गुडघेदुखी असलेल्या माणसाला चढवणार नाही इतका उंच राहिला होता.

अभियंत्यांनी समजावून सांगितले की पेव्हर ब्लॉक आणि कडेचे कर्बचे दगड हा खर्चाचा ठळक भाग दिसतो, तरी कामाची अवघड बाजू उतार आणि पातळी सांभाळण्याची असते. पावसाळी गटाराची झाकणे, ड्रेनेजचे चेंबर, वाड्यांच्या दारांची पातळी आणि नळजोड या सर्वांचा मेळ बसला नाही तर पहिल्याच पावसात पाणी कोणाच्या तरी घरात शिरते, आणि मग ज्यांच्यासाठी काम केले तेच लोक ते उखडून टाका म्हणून अर्ज करतात. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा या प्रमाणात ठेवायचा तर पंधरा सेंटिमीटर उंचीसाठी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबी लागते, आणि अरुंद गल्लीत ती मिळत नाही. त्यामुळे चौकात पदपथ खाली आणण्याऐवजी रस्ताच पदपथाच्या पातळीपर्यंत उचलावा, म्हणजे चालणाऱ्याला चढ-उतार राहत नाही आणि वाहनाचा वेगही आपोआप कमी होतो, असे त्यांनी सुचवले. हा उपाय आम्ही अर्जात लिहिला. सगळे मिळून खर्च पाच लाखांच्या वर जात होता, म्हणून दोन गल्ल्यांचे दोन स्वतंत्र अर्ज केले.

मुख्य रस्त्याविषयीची चर्चा मात्र इतकी सरळ झाली नाही. मोहल्ला समितीच्या बैठकीत विषय निघाला, तेथे वेळ पुरला नाही, म्हणून रहिवाशांनी आणि काही व्यापाऱ्यांनी मिळून जवळच्या एका मंगल कार्यालयात सभा घेतली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली होती आणि निवडणूक लांबल्यामुळे कारभार प्रशासकांकडे होता. याचा परिणाम सभेत जाणवला. एरवी व्यापारी आणि रहिवासी दोघेही आपापले म्हणणे नगरसेवकाच्या कानावर घालतात आणि तो मध्यम मार्ग काढतो किंवा निदान काढल्याचे सांगतो. तो मधला माणूस नसल्यामुळे लोकांना एकमेकांशी थेट बोलावे लागले. ते बोलणे कडवट झाले, तरी त्यातून जितके स्पष्ट झाले तितके एरवी झाले नसते.

साड्यांचे जुने दुकान असलेले एक काका प्रथम बोलले. "ताई, लग्नाचा बस्ता बांधायला माणसे सात-आठ येतात. बरोबर आजी असते, परतताना हातात पिशव्या असतात. त्यांना सांगू, गाडी लांब लावा आणि चालत या? दुसऱ्या वेळी ती कर्वे रस्त्याला जातील, नाही तर मॉलमध्ये." त्यांच्या बोलण्यात हटवाद नव्हता. करोनाच्या टाळेबंदीत महिनोन्महिने बंद राहिलेली दुकाने तेव्हा कुठे सावरत होती आणि त्यात आणखी एका बदलाची त्यांना भीती वाटत होती. ती भीती खोटी आहे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्याचे भाडे आणि कामगारांचे पगार रोजच्या विक्रीवर अवलंबून आहेत त्याने शहराच्या भल्यासाठी धोका पत्करावा, असे मासिक निवृत्तिवेतन घेणाऱ्या माझ्यासारखीने सांगणे योग्य नव्हे.

परंतु त्याच ओळीतल्या एका तरुण दुकानदाराने जे सांगितले त्याने सभेचा रोख बदलला. आपल्याकडे विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावण्याची पी-१, पी-२ ही पद्धत आहे. त्याचे म्हणणे असे की ज्या दिवशी त्याच्या बाजूला पार्किंग असते त्या दिवशी सकाळी दुकान उघडताना लागलेल्या दुचाकी रात्री दुकान बंद होईपर्यंत हलत नाहीत, कारण त्या आजूबाजूच्या दुकानांतील कामगारांच्या आणि मालकांच्याच असतात, त्याची स्वतःचीही त्यांत असते. ग्राहकाला दारात जागा मिळते हा समज चुकीचा आहे. तो आजही गाडी हमालवाड्यात किंवा मंडईजवळच्या वाहनतळावर लावून चालतच येतो, फक्त त्याला चालायला धड जागा नसते. यावर कोणी उत्तर दिले नाही. साड्यांच्या दुकानाचे काकाही म्हणाले की कामगारांच्या गाड्यांची दुसरीकडे सोय झाली तर विचार करता येईल. पुढच्या निवेदनात आम्ही सर्वांत वर जी मागणी ठेवली ती येथून आली: वाहनतळांवर पेठेतील कामगारांसाठी सवलतीचा मासिक पास द्यावा.

गल्लीतले रहिवासी वेगळ्याच कारणाने अस्वस्थ होते. मुख्य रस्ता काही तास बंद ठेवला तर वाहने कुमठेकर रस्त्यावर आणि बाजीराव रस्त्यावर जातील, आणि तेथे कोंडी झाली की पुढचा माणूस आमच्या बोळांतून वाट काढणार, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. जुन्या वाड्यांना वाहनतळ नाहीत, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी आत यायला जागा लागते, आणि गणेशोत्सवात मंडळांचे मांडव पडतात. म्हणून वाहने अडवायला खांब घालायचे तर ते काढता येण्यासारखे असावेत आणि गल्लीच्या तोंडाशी रस्ता उचलून वेग कमी करावा, या दोन सूचना त्यांच्याकडूनच आल्या.

मागच्या रांगेत बसलेल्या एका पथारीवाल्या बाईंनी उभे राहून विचारले की पदपथ रुंद झाल्यावर आम्हाला तेथे बसू देणार का, की दरवेळेप्रमाणे सुशोभीकरणात पहिला बळी आमचा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार फेरीवाल्यांचे सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि विक्रीची जागा ठरवणे बंधनकारक आहे. पदपथाचा आराखडा आणि पथविक्रेत्यांच्या जागा दोन वेगवेगळ्या फाइलींत राहिल्या तर नवा पदपथ काही महिन्यांत पुन्हा भरून जातो आणि दोष पथारीवाल्यांवर येतो. त्यांच्या जागा नकाशावरच आखून घ्याव्यात, हा मुद्दा निवेदनात गेला. तो घालू नये असे काही जणांना वाटत होते. मी मात्र आग्रह धरला, कारण तुळशीबागेत आणि मंडईत आमच्यासारख्यांची रोजची खरेदी याच लोकांकडे होते.

सायकलींचा विषय सर्वांत जास्त पेटला. पुणे एके काळी सायकलींचे शहर होते हे वाक्य येथे प्रत्येक सभेत कोणी तरी म्हणतेच. त्यावर लगेच उत्तर येते की सायकल मार्गांवर आधीच पुष्कळ पैसे गेले आणि ते कोणी वापरत नाही. महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे ८२४ किलोमीटरचे सायकलयोग्य जाळे आणि सुमारे ३३५ कोटी रुपयांचा खर्च धरला होता. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींच्या योजना आल्या आणि अल्पावधीत बंदही पडल्या. सभेतले एक गृहस्थ म्हणाले की या अनुभवानंतर आणखी एक रुपयाही घालू नये. तेव्हा अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकाच्या दुकानात काम करणारे एक जण बोलले. ते दांडेकर पुलाकडून रोज सायकलने येतात, आवडीने नव्हे, बसचे भाडे वाचते म्हणून. त्यांनी सांगितले की मला वेगळा रंगवलेला मार्ग नको, कारण तो मधेच झाडापाशी किंवा डीपीपाशी संपतो आणि तेथे मला उतरावे लागते. मला पेठेत गाड्यांचा वेग कमी हवा आणि सायकल कुलूप लावून ठेवायला दुकानाजवळ जागा हवी. या दोन्ही गोष्टींचा खर्च सायकल मार्गाच्या तुलनेत अगदीच थोडा आहे. सायकलसाठी निधी म्हणजे मार्ग बांधण्यासाठीच निधी, ही सभेतली समजूत त्यांच्यामुळे दूर झाली, निदान माझी तरी झाली.

पैशाच्या वादाबद्दल मला हिशेबनीस म्हणून थोडे अधिक लिहावेसे वाटते. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते. या आकड्यापुढे पेठेतल्या पदपथांची किंमत नगण्य आहे, आणि तरीही "शहरात पाण्याचा, कचऱ्याचा प्रश्न असताना चालण्यावर खर्च कशाला" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारला गेला. उड्डाणपुलाच्या सभेत तो असाच विचारला जात असेल असे मला वाटत नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यावरची जागा वाहनांऐवजी माणसांना केंद्रस्थानी ठेवून वाटावी असे म्हटले आहे, आणि पुण्याने २०१६ मध्ये स्वतःचे पादचारी धोरणही स्वीकारले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडले. एवढे असूनही चालणाऱ्याला आपली गरज प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावी लागते, याचे कारण पैशाची टंचाई नाही. भांडण रस्त्याच्या रुंदीचे आहे. पदपथाला दोन मीटर दिले की ते कोणाच्या तरी गाडीचे जातात, आणि हे उघडपणे म्हणणे अवघड असल्यामुळे आक्षेप खर्चावर घेतला जातो. सभांमध्ये हे कळल्यानंतर आम्ही प्रत्येक मागणीपुढे खर्चाबरोबर ती किती जागा मागते आणि ती जागा आज कोण वापरतो, हेही लिहू लागलो. चर्चा पुष्कळ प्रामाणिक झाली.

तरतूद झाली म्हणजे काम झाले असेही नाही. अंदाजपत्रकात धरलेली रक्कम त्या वर्षात खर्ची पडली नाही तर ती उरत नाही, आणि आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात एका शीर्षकाखालची रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवण्याची वर्गीकरणाची पद्धत सर्वपरिचित आहे. म्हणून मंजुरीच्या पत्रावर समाधान न मानता आम्ही पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज), तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश या प्रत्येक टप्प्याची तारीख विचारत राहिलो. कोणाशी भांडण न करता केवळ नम्रपणे आणि नियमितपणे विचारण्याने फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

चेन्नईत मुलीकडे गेले असताना मी त्यागरायनगरचा पाँडी बाजार मुद्दाम पायी फिरून पाहिला. तेथील पादचारी प्लाझा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. रस्ता पूर्ण बंद केलेला नाही, वाहने चालूच आहेत, पण पदपथ इतके प्रशस्त आहेत की कुटुंबे बाकांवर बसून खरेदीच्या मधे विसावा घेतात. निधीच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाची वाटली ती चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या धोरणातली तरतूद, की वाहतुकीवरच्या खर्चाचा किमान ६० टक्के भाग चालणे आणि सायकल यांसाठी ठेवावा. ती कितपत पाळली जाते हा स्वतंत्र प्रश्न, पण असा आकडा कागदावर असला की नागरिकाला दाद मागायला आधार मिळतो. आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत रुंदीचे आणि उंचीचे आकडे आहेत. अंदाजपत्रकात चालण्याचा वाटा किती असावा याचा आकडाही हवा, ही मागणी आम्ही परत आल्यावर निवेदनात जोडली.

आमच्या दोन्ही गल्ल्यांची कामे झाली. चौकात रस्ता उचलून पदपथाच्या पातळीला आणला आहे, चेंबरची झाकणे समतल झाली आहेत आणि झाडाभोवतीचा उंच कट्टा काढून तेथे जाळी बसवली आहे. चाकाच्या खुर्चीवरचे आमचे शेजारी आता कोणाची मदत न घेता देवळापर्यंत जातात. एका गल्लीत नंतर केबल टाकण्यासाठी खोदाई झाली, आणि खोदकाम करणाऱ्या कंपनीने पेव्हर ब्लॉक वाळूचा थर नीट न दाबता परत बसवले, त्यामुळे पावसात ते खचले. डागडुजीसाठी नागरिक सहभागातून पैसे मागता येतात, परंतु त्यासाठी पुन्हा एक वर्षाची वाट पाहावी लागते. नवे बांधण्याला तरतूद मिळते आणि बांधलेले राखण्याला वेळेवर मिळत नाही, ही अडचण सायकल मार्गांच्या दुरवस्थेमागेही आहे असे मला वाटते.

मुख्य रस्त्याचा निर्णय झालेला नाही. पादचारी दिन त्यानंतरही साजरा झाला आहे, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून मंडई स्थानकातून बाहेर पडणाऱ्यांची भर चालणाऱ्यांत पडली आहे. साड्यांच्या दुकानाचे काका अलीकडे सांगत होते की पिंपरीकडून मेट्रोने येणारी गिऱ्हाइके वाढली आहेत, मात्र स्थानकापासून दुकानापर्यंतची वाट त्यांना जड जाते. ताज्या निवेदनावर त्यांची सही आहे. त्यात मंडई स्थानकापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत सलग अडीच मीटरचा मोकळा पदपथ, कामगारांसाठी वाहनतळाचा पास, पथारीवाल्यांच्या आखलेल्या जागा, सायकली लावण्याचे स्टँड आणि पहिल्या तीन वर्षांच्या देखभालीची स्वतंत्र तरतूद मागितली आहे. पथ विभागाने संयुक्त पाहणीची तयारी दाखवली असून वाहतूक शाखेचे अधिकारीही त्या वेळी बरोबर असावेत, असे पत्र आम्ही दिले आहे.